गोदामात रोबो आले, मग माथाडीचं काय? वाई तालुक्यातल्या घराघराशी संबंध असलेली गोष्ट

वाई : सध्या मोबाईलवर एक प्रकारचे व्हिडिओ खूप फिरतात. मोठं चकाचक गोदाम, माणूस एकही नाही आणि पाटासारखी दिसणारी ठेंगणी यंत्रं माल घेऊन मुंग्यांसारखी इकडून तिकडे पळतायत. खाली लिहिलेलं असतं, 'आता हमालाची गरज संपली'. इतर कुठे हा व्हिडिओ गंमत म्हणून बघून पुढे ढकलला जात असेल, पण वाई, जावळी, पाटण, कोरेगाव आणि पलीकडे सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्यात तो पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. कारण इथल्या कित्येक घरांतला एक तरी माणूस नवी मुंबईच्या मार्केटात पोती उचलतो. बावधनच्या बगाडाला किंवा गावच्या जत्रेला जे 'मुंबईकर' येतात, त्यातल्या अनेकांचं घर, पोरांची शिक्षणं, गावातलं नवं बांधकाम हे सगळं माथाडीच्या पगारावर उभं राहिलंय.

तेव्हा हे रोबो नेमकं काय करतात, काय करू शकत नाहीत आणि वाईच्या पोरानं त्यातून काय घ्यायचं, हे जरा नीट बघायला हवं. व्हिडिओत अर्धंच दिसतं.

रोबो म्हणजे वेठ

'रोबो' या शब्दाचा जन्मच मजुरीतून झालाय. कारेल चापेक नावाच्या झेक लेखकानं 1920 मध्ये एक नाटक लिहिलं, त्यात कामगार म्हणून बनवलेल्या कृत्रिम माणसांना त्यानं हे नाव दिलं. हा शब्द त्याला भावानं सुचवला होता. झेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदाराकडे सक्तीनं करायची मजुरी, आपल्याकडे जिला वेठ म्हणायचे ती. मराठी विश्वकोशाचं कार्यालय ज्या गावात आहे, तिथं शब्दाचं मूळ सांगितलं तर कुणाची हरकत नसावी.

आणि 'माथाडी' म्हणजे माथ्यावर ओझं वाहणारा. एक शब्द युरोपातल्या वेठीतून आलेला, दुसरा मुंबईच्या बंदरातल्या आणि बाजारातल्या ओझ्यातून. आता दोघांची गाठ गोदामात पडतेय.

व्हिडिओत दिसतं ते यंत्र काय करतं?

किराणा दुकान डोळ्यापुढे आणा. गिऱ्हाईक साबण मागतं, पोरगा आत जातो, फळीवरून काढतो, आणून देतो. ऑनलाईन खरेदीचं गोदाम म्हणजे हेच दुकान, फक्त काही एकरांचं. तिथं पोरगा दिवसभरात कित्येक किलोमीटर चालतो आणि त्याचा बराचसा वेळ माल उचलण्यात नाही तर नुसता चालण्यात जातो. म्हणून कुणीतरी उलटा विचार केला : पोरानं फळीकडे जाण्याऐवजी फळीच पोराकडे आली तर?

ते ठेंगणं यंत्र हेच करतं. मांडणीखाली शिरतं, जॅकसारखं वर उचलतं आणि अख्खी मांडणी माणसापुढे आणून उभी करतं. माणूस एका जागी उभा राहतो, पडद्यावर दाखवलेली वस्तू काढतो, स्कॅन करतो, पेटीत टाकतो. यंत्राला वाट कळावी म्हणून फरशीवर ठराविक अंतरावर क्यूआरचे चौकोन चिकटवलेले असतात, पेमेंट करताना आपण स्कॅन करतो तसेच. खालचा कॅमेरा ते वाचतो आणि यंत्राला कळतं की आपण कुठल्या चौकात आहोत. बॅटरी उतरली की आपणहून चार्जिंगला जाऊन लागतं. कुणी कुठं वळायचं, कुणी थांबायचं हे सगळं एक मध्यवर्ती संगणक ठरवतो. खरी अक्कल त्या संगणकात असते, पळणारं यंत्र म्हणजे हुकमाचा गडी.

अमेरिकेतल्या किव्हा नावाच्या कंपनीनं हे यंत्र बाजारात आणलं. ॲमेझॉननं ती कंपनी 2012 मध्ये 77.5 कोटी डॉलरला विकत घेतली आणि 2025 च्या जुलैमध्ये आपल्या गोदामांत 10 लाखावा रोबो आल्याचं जाहीर केलं. त्याच कंपनीकडे माणसंही 15 लाखांच्या घरात आहेत, हे व्हिडिओवाला सांगत नाही.

दुसऱ्या जातीच्या यंत्राला फरशीवरच्या खुणा लागत नाहीत. ते लेसरचा किरण फिरवून भिंती, खांब, माणसं कुठं आहेत ते मोजतं आणि मनात नकाशा काढत चालतं. समोर माणूस आला तर थांबतं किंवा वळसा घालतं. कारखान्यांमध्ये ट्रॉली ओढायला हे जास्त वापरतात.

तिसरा प्रकार उंचीचा. चार-पाच मजली इमारतीएवढ्या मांडण्या, मधे अगदी अरुंद बोळ आणि त्या बोळात रुळावर वर-खाली, पुढं-मागं सरकणारी क्रेन. चालक नाही. हजारो पॅलेटांतलं हवं ते एक बरोबर काढून आणते. जमीन महाग झाली की माणूस वर बांधत जातो, तसंच हे.

चौथा म्हणजे लोखंडी हात. साखर, सिमेंट किंवा पशुखाद्याचं पोतं भरून, शिवून पट्ट्यावरून आलं की हा हात ते पकडतो आणि पॅलेटवर थप्पी लावतो. एक आडवं, एक उभं, बांधणीची थप्पी, जशी मुरलेला माथाडी लावतो तशीच. आपल्या भागाशी खरा संबंध याचाच येतो, कारण पोत्याला थेट हात घालणारा रोबो हाच.

हे आपल्या राज्यात आहे का?

आहे, आणि बनवणारेही आपल्याच राज्यात आहेत. 2019 मध्ये सुरू झालेली पुण्याची अनबॉक्स रोबोटिक्स ही कंपनी पार्सल निवडणारे छोटे रोबो बनवते. पार्सल पाठीवर घेऊन ते उभ्या मांडणीवर चढतात आणि बरोबर त्या गावाच्या खणात टाकतात. जागा कमी लागते, हा त्यांचा मुद्दा. नाशिकची आर्मस्ट्राँग ही कंपनी पार्सल आपोआप वेगळी करणारे पट्टे बनवते. चाकणला बजाज ऑटोनं 2010 पासूनच माणसाशेजारी उभे राहून काम करणारे रोबोहात लावले. ते गोदामात नाहीत, गाड्यांच्या जोडणीवर आहेत, पण रोबो काही कालपरवा आलेला नाही हे कळायला तेवढं पुरे. राज्याबाहेर बंगळुरूला फ्लिपकार्टनं 2019 मध्ये पार्सल निवडायला शंभरावर रोबो एकाच केंद्रात उतरवले होते.

हे सगळं आत्ताच का वाढलं? त्याचं उत्तर रोबोत नाही, करात आहे. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला. त्याआधी प्रत्येक राज्याचा विक्रीकर वेगळा, मुंबईची जकात वेगळी. कंपन्या कर वाचवायला राज्याराज्यात छोटी गोदामं ठेवायच्या. भिवंडी मोठी झाली त्यालाही मुंबईची जकात कारण होती; माल नाक्याबाहेर उतरवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा. जीएसटीनंतर दहा छोट्या गोदामांची गरज राहिली नाही, एक मोठं पुरतं. मोठं गोदाम, उंच छत, तीन पाळ्या, रोज तोच माल. रोबोला हेच लागतं. छोट्या गोदामात तो परवडतच नव्हता.

पोत्यापुढं रोबो का अडतो

आता वाईच्या मार्केट यार्डात या. हळदीचा हंगाम. कुणाचं पोतं ठासून भरलेलं, कुणाचं ढिलं. एक बारदान नवं, एक तीन वेळा शिवलेलं. एका बाजूला कांडी हळद, दुसरीकडे गड्डा. ट्रॅक्टरची ट्रॉली वाकडी लागलेली, खाली फरशीत खड्डा, वरून धूळ. माथाडी पोत्याला हात लावताच त्याला कळतं, हे कुठून धरायचं आणि कुठून फाटेल. मग आकडा कुठं घालायचा ते तो बघतो.

रोबोला हे येत नाही. त्याला सारख्या मापाचा खोका पाहिजे, वर बारकोड पाहिजे, खाली आरशासारखी सपाट फरशी पाहिजे. लोखंडी हात पोतं उचलतो तेही कारखान्यात, जिथं प्रत्येक पोतं त्याच यंत्रानं भरलेलं, बरोबर 50 किलोचं आणि एकाच दिशेनं येणारं असतं. ट्रकमध्ये वेडंवाकडं रचलेला माल उतरवणं हे अजून जगभरच्या इंजिनिअरांना अवघड जाणारं काम आहे. गुळाची ढेप, भाजीची जाळी, आल्याचं ओलं पोतं, ही तर पुढची गोष्ट.

शिवाय हिशेब. रोबो एकटा येत नाही. फरशी नव्यानं करावी लागते, गोदामभर वायफाय, मालावर बारकोड, हिशेबाचं सॉफ्टवेअर, वर्षाची देखभाल, बिघडला तर पुण्याहून माणूस. एवढा पैसा वसूल व्हायचा तर यंत्र वर्षभर दिवसरात्र पळालं पाहिजे. हळदीचा जोर उन्हाळ्यातले काही महिने. बाकीचे महिने रोबोनं काय करायचं, घाटावर बसायचं? म्हणून वाई किंवा सांगलीच्या यार्डात उद्या सकाळी रोबो दिसेल असं कुणी सांगत असेल, तर त्यानं पोतं उचललेलं नाही.

पण धोका दुसऱ्याच दारानं येतो

इथं मात्र जुन्या माथाड्यांना विचारावं. ते सांगतात की यंत्र हमालाची जागा सहसा घेत नाही, ते हमालाचं काम ज्यावर चालतं ती वस्तूच नाहीशी करतं.

मुंबई बंदराचं उदाहरण घ्या. गोदीत जहाजातून गोणी, गठ्ठे, पेट्या पाठीवर उतरायच्या. गोणी उचलणारा रोबो तिथं कधी आलाच नाही, आला तो कंटेनर. 1989 मध्ये न्हावाशेवाचं बंदर सुरू झालं, मालाच्या पेट्या क्रेननं थेट ट्रेलरवर जाऊ लागल्या आणि जुन्या गोदीतली गर्दी ओसरत गेली.

धान्याचंही तेच. भारतीय अन्न महामंडळासाठी हरियाणातल्या कैथलच्या सायलोतून गहू खास डब्यांच्या रेल्वेनं नवी मुंबईच्या सायलोत येतो. मधे पोतं नाही. पंपानं, पट्ट्यानं वर, नळानं खाली. पोतंच नसेल तर ते उचलायला टोळी कशाला, मुकादम कशाला आणि आकडा तरी कशाला?

आणि नाशिक जिल्ह्यातलं प्रकरण तर अलीकडचं. एप्रिल 2024 मध्ये लासलगावसह तिथल्या बाजार समित्यांत हमाली, तोलाई, वाराई आणि लेव्ही यांच्या कपातीवरून वाद पेटला आणि कांद्याचे लिलाव बंद पडले. शेतकऱ्याच्या पट्टीतून तोलाई कापायची, पण वजन तर इलेक्ट्रॉनिक भुईकाट्यावर होतं आणि ट्रॉली हायड्रॉलिकनं रिकामी होते, मग पैसे कशाचे, हा तो सवाल. मापाऱ्याचं म्हणणं, आमचं नाव नोंदलेलं आहे, पोट आहे, आम्ही जायचं कुठं. शेतकऱ्याचंही चूक म्हणता येत नाही आणि मापाऱ्याचंही. त्या वादात रोबोचा पत्ता नव्हता, नुसता काटा आणि हायड्रॉलिक जॅक होता. आपल्या तालुक्यात तर गंमत अशी की एकाच घरात धाकटा भाऊ हळद विकणारा आणि थोरला वाशीला माथाडी. पट्टीतली हमाली एकाच्या खिशातून जाते आणि तशीच हमाली दुसऱ्याच्या खिशात येते.

1969 चा कायदा यंत्राला ओळखतो का?

माथाडी कायद्याआधी हमालाला ना सुट्टी होती, ना फंड, ना दवाखाना. आज काम मिळालं तर चूल, नाहीतर नाही. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटील यांनी या लोकांची युनियन बांधली, लढे दिले आणि 1969 मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा आला. देशात असा कायदा आधी नव्हता. पुण्याकडे डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली, तीही याच धाग्यातली.

कायद्याची युक्ती सोपी पण पक्की होती. हमालाचा मालक एक नसतो, आज या पेढीचा माल, उद्या त्या पेढीचा. म्हणून मालक, कामगार आणि सरकार यांचं मिळून मंडळ केलं. व्यापाऱ्यानं मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही. त्या लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, औषधोपचार. कोपरखैरणे-घणसोलीतली माथाड्यांची घरं याच व्यवस्थेच्या आधारानं झाली.

पण यात सगळं मोजमाप उचललेल्या मालावर. टनामागे, पोत्यामागे मजुरी. माल माणसानं उचललाच नाही तर मजुरी नाही, मजुरी नाही तर लेव्ही नाही, लेव्ही नाही तर मंडळाचा फंड आटतो आणि निवृत्त झालेल्याच्या दवाखान्यापर्यंत झळ पोचते. रोबोची खरी भीती इथं आहे. 2023 मध्ये विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आलं तेव्हा माथाडी संघटना रस्त्यावर उतरल्या. त्यांच्या आक्षेपांत एक मोठा आक्षेप हाच होता की यंत्राच्या मदतीनं होणारं काम कायद्यातून बाहेर काढलं तर उद्या कुणीही फोर्कलिफ्ट आणून म्हणेल, इथं माथाडी लागतच नाही. दुसरी बाजू अशी की माथाडीच्या नावाखाली काम न करता पैसे उकळणाऱ्या टोळ्यांचा त्रास औद्योगिक पट्ट्यात झालाय, तोही खोटा नाही. त्या खंडणीखोरांनी खऱ्या माथाड्याचं जेवढं नुकसान केलं, तेवढं रोबोनं अजून केलेलं नाही.

वाईच्या पोरानं काय बघायचं

बारावी झालेला पोरगा आज वाशीच्या टोळीत कमी आणि भिवंडी, चाकण किंवा खंबाटकी ओलांडून खंडाळा-शिरवळच्या गोदामांत जास्त जातो. तिथं रोबो असो वा नसो, त्याचं नाव बहुतेक वेळा माथाडी मंडळात नसतं, ठेकेदाराच्या यादीत असतं. ठेकेदार बदलला की नोकरी नवी, फंड नवा आणि मागचा फंड कुठं गेला याचा पत्ता नाही. बाप अंगठेबहाद्दर असूनही त्याच्याकडे मंडळाचं कार्ड होतं, पोराकडे स्कॅनर आहे पण कागद नाही, अशी उलटी गत झालेली दिसते.

म्हणून रुजू होताना तीन गोष्टी मागाव्यात. नेमणुकीचं पत्र. फंडाचा यूएएन नंबर, जो आयुष्यभर एकच राहतो, ठेकेदार बदलला तरी. उमंग ॲपवर दर महिन्याला पैसे भरले का ते मोबाईलवरच दिसतं. आणि पगार 21 हजारांपर्यंत असेल तर ईएसआयसीचा नंबर, त्यावर घरच्यांचाही इलाज होतो. ठेकेदार 'नंतर बघू' म्हणाला तर समजायचं, नंतर काही नाही.

रोबो असलेल्या गोदामात काम हलकं असतं असंही समजू नये. ओझं कमी होतं हे खरं, पाठ वाचते. पण मांडणी समोर येतच राहते, माणसाला चालण्यात मिळणारा श्वास जातो आणि ताशी किती वस्तू काढल्या याचा आकडा पडद्यावर लागतो. रोबोंच्या कुंपणात मोबाईल पडला तरी आत पाय टाकायचा नाही, आधी यंत्र थांबवायला सांगायचं. तिथली फरशी माणसासाठी नसते.

हातात पोतं नको आणि ठेकेदाराची रोजची मनधरणीही नको असेल, तर यंत्र सांभाळणाऱ्याच्या बाजूला जावं लागेल. दर शंभर हमालांमागे शंभर मेकॅनिक लागणार नाहीत, हे उघड आहे. जागा थोड्याच असतात. पण त्या थोड्या जागांना माणूस सहज मिळत नाही. रोबो बंद पडतो तो बहुतेक साध्या कारणांनी : चाकात सुतळी अडकली, सेन्सरवर धूळ बसली, बॅटरी फुगली, केबल तुटली. हे काम इलेक्ट्रिशियन, फिटर, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक झालेल्या पोराला जमतं. आयटीआयच्या अभ्यासक्रमांत आता मेकॅट्रॉनिक्स आणि औद्योगिक रोबोटिक्सचे ट्रेडही आहेत, दहावीवर प्रवेश मिळतो. कुठल्या आयटीआयत कुठला ट्रेड आहे हे राज्याच्या प्रवेश पोर्टलवर दिसतं, फॉर्म भरताना पर्याय त्या क्रमानं लावावेत. फोर्कलिफ्ट शिकायची तर आधी दुसऱ्या कुणा शिकलेल्याला विचारावं की यंत्रावर हात किती तास मिळाला. दोन दिवसांत नुसतं सर्टिफिकेट छापून देणारे बरेच आहेत आणि गोदामाच्या दारात पहिल्याच चाचणीला पॅलेट आडवं होतं.

आणि ज्यांचे वडील अजून टोळीत आहेत त्यांनी गावी आल्यावर एक काम उरकून घ्यावं. मंडळाच्या नोंदीत वारसाचं नाव, आधार आणि बँक खातं बरोबर लागलंय का ते कार्ड हातात घेऊन बघावं. नावातली एक वेलांटी चुकली तर ग्रॅच्युइटीसाठी वाशीला किती हेलपाटे होतात, ते जत्रेला आलेल्या कुठल्याही निवृत्त माथाड्याला विचारता येईल.